लॅटिमर घराण्यातले कैलासवासी सुतार

ओरिन टॅकेट वारला तेव्हा तो शिडीवर उभा राहून जिन्याचा कठडा घासत होता.

खालून झिगी ओरडला, "ओरिन, उतर खाली. तू मेलायस."

"कधी?"

"गोष्ट सुरू व्हायच्या आधीच. ये, बघ तरी कसा दिसतोस."

झिगी सामानखात्यातला. सेटवरची खुर्ची, कप, फोन, फुलदाणी, जे जे हलवता येतं ते सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्यामागे दोन माणसं पुरुषभर उंचीचं एक तैलचित्र धरून उभी होती. ओरिन उतरला. उतरताना प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा. उजवा गुडघा निकामी होता.

चित्रात एक खानदानी म्हातारा उभा होता. काळा कोट, सोन्याची साखळी, एक हात शिकारी कुत्र्याच्या डोक्यावर. कुत्रा कुणाचा होता कोण जाणे, पण चेहरा ओरिनचा होता. पूर्वी एकदा फळी लागून वाकडं झालेलं नाकसुद्धा तेच.

"हा कोण?"

"कॉर्नेलियस लॅटिमर. तांब्याच्या खाणींचा मालक. बायकोला जन्मभर रडवलं, पोराला दारूला लावलं, पोरीचं लग्न मोडलं आणि मेला. पण मेला तरी घर सोडत नाही, भिंतीवरून सगळ्यांवर डोळे वटारतो. आख्खा सिनेमा त्याच्यावरच आहे."

"मग तोंड माझं कशाला?"

"नटाचं तोंड काढलं की नटांची संघटना पैसे मागते. सुताराचं तोंड फुकट."

तेव्हा ओरिनला आठवलं. महिन्यापूर्वी चित्रकाराने त्याला भिंतीपाशी उभं करून फोटो काढला होता. प्रकाश तपासतोय म्हणाला होता.

ओरिनने चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "वजन किती आहे? खिळा त्या हिशेबाने मारायला हवा."

हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत ज्याचं काम त्यानेच करायचं असा कडक नियम होता. चित्र सामानखात्याचं, म्हणजे झिगीचं. ते ज्या खिळ्यावर लटकतं तो सुताराचा, म्हणजे ओरिनचा. त्यावर पडणारा उजेड लाईटवाल्यांचा. चित्र तिरकं झालं तर ओरिनने बोटही लावायचं नाही, झिगीला हाक मारायची. खिळा ढिला झाला तर झिगीने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. दोघं एवढे जुने दोस्त, पण या बाबतीत एकमेकांचा भरवसा धरत नसत. भरवशावर गेलं की संघटनेत बोलावणं येतं.

ओरिन मूळचा आर्कान्सामधल्या लाकडाच्या गिरणीवरचा. वयात यायच्या आधीपासून ओंडके ओढले. पुढे बापाबरोबर पश्चिमेला आला आणि स्टुडिओच्या सुतारखान्यात शिरला. तिथे त्याने राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, बोटी बांधल्या. सगळं समोरून खरं आणि मागून फळ्या. लॅटिमरांच्या हवेलीचा जिनाही त्याच्याच हातचा. दिवाणखान्यातून डौलात वळत वर जायचा आणि वर काहीच नव्हतं. एक फळ्यांचा ओटा आणि मागे उतरायला शिडी. थोर थोर बाया रागाने झगे सावरत जिना चढून जायच्या आणि मागून शिडीवरून ढुंगण पुढे करून उतरायच्या.

परांचीवरून पडून गुडघा गेल्यापासून सुतारखान्यातलं काम त्याला झेपत नव्हतं. तिथे दिवसभर फळ्या खांद्यावरून वाहाव्या लागतात. फळी वाहायला मन लागत नाही, गुडघाच लागतो. मुकादम मॅकगिलने दया येऊन त्याला सेटवरचा सुतार केलं होतं. शूटिंग चालू असताना हत्यारांच्या पेटीवर बसून राहायचं. दार अडकलं की रंधा मारायचा, पायरी वाजली की पाचर ठोकायची, कॅमेऱ्याला जागा हवी असली की भिंत सरकवायची. सेटवर सुतार हजर नसेल तर कॅमेरा फिरत नाही, असा नियम. पेन्शनला थोडाच काळ उरला होता. तेवढा काळ त्या पेटीवर निघाला तर निघाला. सुतारखान्यात परत गेला तर पेन्शनच्या आधी गुडघाच संपणार, हे ओरिनला माहीत होतं आणि त्याची बायको मॅव्हिस हिलाही.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला.

विधवा मिसेस लॅटिमरचं काम लेनोर ब्राइस करत होती. नाव जुनं, मान मोठा, आवाज असा की मागच्या रांगेतला बहिराही रडावा. तिने शेकोटीपुढे उभं राहून चित्राकडे पाहिलं आणि थरथरत म्हणाली, "कॉर्नेलियस! तू गेलास, पण माझ्या पाठीवरचे तुझे डोळे गेले नाहीत!" आणि गर्रकन वळली.

कॅमेऱ्याशेजारी पेटीवर कॉर्नेलियस बसला होता. एका हातात हातोडी, एका हातात उकडलेलं अंडं.

लेनोरची किंकाळी लेखकाने लिहिलेली नव्हती.

दिग्दर्शक पेनरोझ उठला. त्याने चित्राकडे पाहिलं, ओरिनकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "हा माणूस इथे काय करतोय?"

"सुतार आहे, मिस्टर पेनरोझ," झिगी म्हणाला.

"तो मेलेला आहे! मेलेला माणूस अंडं खात समोर बसला तर ह्यांनी रडायचं कसं? मॅकगिलला सांगा, दुसरा सुतार पाठव."

ओरिनने अंडं खिशात ठेवलं. झिगी मध्ये पडला. तोंडावर मिशी चिकटवली तर कोण ओळखणार आहे, असं त्याने पेनरोझला पटवलं. पण चिकटवायची मिशी म्हणजे रंगभूषेचा माल, आणि रंगभूषेचा माल रंगभूषाकारानेच चिकटवायचा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिनला आरशांसमोर नटांच्या रांगेत बसावं लागलं. गळ्याला टॉवेल, डोळे मिटलेले. मिशी झोकदार होती. सेटवर पोचला तर लेनोर त्याला बघून मट्कन खाली बसली.

"आता काय झालं?" पेनरोझने कपाळाला हात लावला.

"हा माझा दुसरा नवरा दिसतो," ती म्हणाली. "खरा नवरा. सिनेमातला बरा होता, त्यालाच आणा."

मिशी निघाली. शेवटी तोडगा असा निघाला की ओरिनने सेटवर असावं, पण दिसू नये. अशी जागा एकच होती, शेकोटीच्या मागे, ज्या भिंतीवर ते चित्र टांगलं होतं तिच्या पाठीशी. तिथे त्याने पेटी ठेवली. भिंतीच्या सांध्यात बोटभर फट होती, तिच्यातून समोरचं सगळं दिसायचं. चित्राच्या पुढे आसवं गाळत ते घराणं उभं राही आणि चित्राच्या मागे ओरिन बसलेला असे. जे बोलत ते सरळ त्याच्या तोंडावर बोलल्यासारखं.

"तू आम्हाला काय दिलंस? पैसा! नुसता पैसा!" मुलगी समोरून किंचाळायची.

ओरिन मागे बसून पटाशीला धार लावायचा. पैशाच्या बाबतीत तरी त्याचं मन साफ होतं.

मुलाचं काम करणारा ड्रू हॅव्हलॉक न्यूयॉर्कहून आला होता. पोरगा हुशार होता, पण नव्या शाळेत शिकलेला. त्या शाळेत म्हणे माणसाचं सोंग करायचं नसतं, तो माणूस व्हायचं असतं. म्हणून तो दुपारच्या सुट्टीत सेटवरच्या लॅटिमरी पलंगावर झोपायचा आणि झिगी त्याला उठवायचा, कारण पलंग सामानखात्याचा होता. एके दिवशी झोप उडालेला ड्रू फिरत फिरत भिंतीमागे आला. पेटीवर ओरिन डबा उघडून बसला होता.

ड्रू थबकला. टोपी नव्हती तरी हात डोक्याकडे गेला.

"सर."

"बोल."

"तुमचं माझ्यावर कधी प्रेम होतं का?"

ओरिनने डब्याचं झाकण लावलं. "मी सुतार आहे."

ड्रू हळूच म्हणाला, "अगदी हेच म्हणाले असते ते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. ओरिन जे सांगायचा ते कामाचं असायचं. "वळणावरच्या पायरीवर जोरात पाय आपटू नको, खाली नुसती पोकळी आहे." ड्रू मान हलवायचा आणि म्हणायचा, "खरंय. आपल्या घराच्या खाली पोकळीच आहे, सर." ओरिन म्हणायचा, "वाकलेलं लाकूड मोडायचं नसतं. वाफ द्यायची, दाबून ठेवायचं, घाई करायची नाही." ड्रूच्या डोळ्यांत पाणी यायचं. ओरिनला कळेना की लाकडात रडण्यासारखं काय आहे.

मग लेनोर यायला लागली. तिला दोन मिनिटं सिगारेट ओढायला आडोसा हवा असायचा. ती उपड्या बादलीवर बसायची आणि चाळीस वर्षं संसार केल्यासारखी कुरकुरायची.

"तुझ्या पोराने आज परत माझं वाक्य खाल्लं."

"माझा पोरगा नाही तो, बाई."

"तेच ना. चांगलं केलं की तुझा, वाया गेला की माझा."

घरी मॅव्हिसला हे सगळं समजत होतं. ती मक्याचा पाव वाढता वाढता विचारायची, "काय म्हणतायत तिकडच्या घरचे?"

"पोरगी पळून जाणार आहे. शुक्रवारी."

"कुणाबरोबर?"

"शोफरबरोबर."

"बरा आहे का?"

"गाडी चालवता येत नाही त्याला. गाडी जागेवरच असते, मागे चित्र हलतं."

"आणि तुझी ती बायको?"

"खोकला झालाय. सिगारेटी फार ओढते."

"तिला मध-लिंबू घे म्हणावं. आणि सांग तिला, चित्र तुझं असलं तरी बनियन मीच धुते."

दोघं हसली. त्यांना मूलबाळ झालं नव्हतं. त्याबद्दल बोलणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं. मॅव्हिसने ताटं उचलली आणि सहज विचारलं, "तो ड्रू नीट जेवतो का रे?"

"नाही. सोंगात दारुडा आहे ना. दारुडे जेवत नाहीत म्हणतो. नुसतं दूध पितो."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात सँडविच जरा मोठं यायला लागलं.

मग गोळीचा दिवस आला. कथेत मुलगा पिसाळून बापाच्या चित्रावर पिस्तूल झाडतो, असा प्रसंग होता. सगळा सिनेमा त्याच ठिकाणी येऊन फुटायचा. भोक पाडायला चित्रामागे दारूचा छोटा बार भरला होता. ओरिनची पेटी दूर डावीकडे सरकवली होती. चित्र एकच होतं, भोकही एकदाच पडणार होतं. पेनरोझ खुर्चीत बसेना.

ड्रू जिना उतरून आला. केस विस्कटलेले, पिस्तूल हातात. त्याने हात वर केला, चित्राकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"काय झालं?"

"माझ्याच्याने होत नाही, मिस्टर पेनरोझ."

"का?"

"आमचं मिटलंय."

"कुणाचं मिटलंय?"

"माझं आणि बाबांचं."

पेनरोझने कथेचे कागद हवेत हलवले. "इथे तर मिटत नाही! इथे शेवटपर्यंत मिटत नाही! तुझ्या मनाने कसं मिटतं?"

"काल त्यांनी मला अर्धं सँडविच दिलं," ड्रू म्हणाला.

पेनरोझ भिंतीला वळसा घालून मागे आला. ओरिन उभा राहिला.

"टॅकेट, तू मेलेला आहेस."

"हो, मिस्टर पेनरोझ."

"मेलेल्या माणसाने सँडविच वाटायचं नसतं. तू त्या पोराचा जन्म नासवला आहेस, असं आम्ही सिनेमाच्या पहिल्या मिनिटापासून सांगतोय आणि तू मागे बसून त्याला खायला घालतोस? ते काही नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या पोराला तुझा तिटकारा आला पाहिजे. नाही आला तर उद्यापासून तू सुतारखान्यात."

सुट्टी झाली. ओरिन पेटीवर बसला. आयुष्यात त्याने पुष्कळ अवघड कामं केली होती, पण बाप होणं आणि ते बिघडवणं ही दोन्ही एका सुट्टीत करायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"झिगी, तुझा बाप कसा होता?"

"हरामखोर. पट्ट्याने मारायचा."

"पट्टा..."

"पट्टा कपडेखात्याचा. तू हात लावू शकत नाहीस."

"मग?"

"शिव्या घाल. शिव्या कुठल्याच खात्याच्या नाहीत."

ड्रू दुधाचा ग्लास घेऊन आला. ओरिनने घसा साफ केला.

"तू बेवडा आहेस."

ड्रूने ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला माझी काळजी वाटते."

"नालायक आहेस तू. घराण्याचं नाव घालवलंस."

"बोला, सर. इतकं मोकळं तुम्ही कधीच बोलला नव्हता."

"माझ्या डोळ्यांसमोरून चालता हो!"

ड्रू रडायला लागला आणि ओरिनचा खडबडीत हात धरून म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही मला बघतच नाही."

भिंतीच्या कोपऱ्यातून झिगीने डोकं काढलं, हे पाहिलं आणि डोकं परत आत घेतलं.

ओरिनला घाम फुटला. तोंड चुकवायचं म्हणून त्याने फटीतून समोर पाहिलं. जिन्याच्या पायथ्याशी ड्वाइट उभा होता. लाईट लावेपर्यंत नट स्वतः उभे राहत नाहीत. त्यांच्या उंचीचा, त्यांच्या केसांच्या रंगाचा एक माणूस त्यांची जागा धरून उभा असतो. ड्वाइट हा ड्रूची जागा धरणारा. त्याच्यावर चार बाजूंनी दिवे ओतले होते. कानशिलावरून घाम गळत होता. तो पुसायला त्याने हात उचलला नाही, कारण हात उचलला तर सावली बदलते. सकाळपासून तो तसाच होता. लाईटवाले सोडून इतर लोक जेवायला गेले होते.

ओरिनच्या तोंडून निघून गेलं, "तो बघ."

"कोण? ड्वाइट?"

"सकाळपासून उभा आहे. एक पाय हलवला नाही. कुणी बघत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. मला मुलगा निवडायचा असता ना, तर मी तो घेतला असता."

हे बोलताना त्याला पेनरोझही आठवला नव्हता आणि सुतारखानाही. जे दिसलं ते तो बोलला होता.

ड्रूचा हात गळून पडला. चेहरा पांढरा झाला. दुधाचा ग्लास तिथेच सोडून तो उठला, भिंतीला वळसा घालून गेला आणि लोक जेवून परतत होते तोच, कुणी 'सुरू' म्हणायच्या आधीच, पिस्तूल घेऊन जिन्यावर चढला. कॅमेरेवाल्यांनी धावत जागा घेतल्या. तो जो खाली आला तो बघून झिगीच्या हातातली राखदाणी पडली. ड्रूने चित्राकडे पाहिलं. "तुम्हाला मी नको होतो," एवढंच तो म्हणाला. हे वाक्य कथेत नव्हतं. मग गोळी झाडली. कॉर्नेलियस लॅटिमरच्या कपाळात भोक पडलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेनरोझने भिंतीमागे येऊन ओरिनच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, टॅकेट! अप्रतिम! काय केलंस ते सांगू नकोस. उद्या सकाळी याच प्रसंगातला त्याचा चेहरा जवळून घ्यायचाय. तोवर हा तिटकारा असाच टिकला पाहिजे. त्याच्या वाटेलाही जाऊ नकोस. पेटी तुझी पक्की झाली म्हणून समज."

संध्याकाळी ओरिन हत्यारं पुसून पेटीत भरत होता. करवतीला तेल लावलं, रंध्याचं पातं आत घेतलं. तेवढ्यात ड्वाइट आला. बोलायची सवय नसलेला माणूस. टाचांवर मागे-पुढे झुलत राहिला.

"तुम्ही माझ्याबद्दल बोललात ते कळलं, मिस्टर टॅकेट. मला आजवर कुणी बघितलंय असं वाटलं नव्हतं."

"बघण्यासारखं काम होतं."

"तेवढ्यासाठीच आलो होतो." तो जायला वळला आणि थांबला. "तो अजून खोलीतच आहे. दार लावून बसलाय. दूधही घेतलं नाही."

ओरिनने पेटीचं झाकण लावलं. घरी जायचा रस्ता फाटकाकडे होता आणि नटांच्या खोल्या उलट्या बाजूला. फाटकाकडे गेलं तर पेटी पक्की होती. तो अर्ध्यापर्यंत गेलाही. मग स्वतःलाच एक शिवी हासडून लंगडत मागे फिरला.

दार ड्रूनेच उघडलं. डोळे सुजले होते.

"मी दुपारी बोललो," ओरिन म्हणाला, "ते बोलायला मला सांगितलं होतं. माझी नोकरी अडकली होती."

"म्हणजे खोटं होतं?"

इथे 'हो' म्हणालं असतं तर काम सोपं होतं. ओरिनने चौकटीवर हात टेकला. चौकट कुणी बसवली होती कोण जाणे, कोपरा नीट मिळाला नव्हता.

"नाही. खरं होतं. तो तुझ्यापेक्षा चांगला उभा राहतो."

ड्रूने मान खाली घातली.

"पण मागच्या आठवड्यात तू बहिणीला उचलून जिन्यावरून खाली आणलंस," ओरिन म्हणाला. "पेनरोझने पुन्हा पुन्हा करायला लावलं. पोरगी काही हलकी नाही. तू एकदाही कठड्याला हात लावला नाहीस. शेवटी पाय लटपटत होते, तरी तिला हिसका बसू दिला नाहीस. ते मी पाहिलंय."

"कुठून?"

"फटीतून."

ड्रू म्हणाला, "तेव्हा मी अभिनय करत नव्हतो. नुसती भीती वाटत होती, पडेल म्हणून."

"तेच म्हणतोय," ओरिन म्हणाला. "चल, काहीतरी खाऊन घे. मला घरी जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा ड्रूच्या तोंडापाशी आला. पेनरोझ आत बघून दचकला. समोर रविवारी चर्चमधून आलेल्या पोराचा चेहरा होता.

"द्वेष कुठाय?"

"काल संध्याकाळपर्यंत होता," ड्रू म्हणाला.

पेनरोझने पुन्हा घेतलं, परत घेतलं, ओरडून घेतलं, विनवून घेतलं. पोरगा प्रामाणिकपणे दात-ओठ खात होता, पण कुणालाही वाटावं की दाढ दुखतेय. शेवटी पेनरोझने कॅमेरा बंद केला आणि शेकोटीकडे तोंड करून, चित्राशी बोलावं तसा म्हणाला, "टॅकेट, पेटी उचल."

ओरिनने पेटी उचलली.

सुतारखान्यात त्याला फळ्या वाहायला लावलं. मॅकगिलचं तोंड कडू झालं होतं, पण त्याचाही नाइलाज होता. ओरिनने पहिली फळी खांद्यावर घेतली तेव्हाच गुडघ्यात कळ आली. फळी ठेवायची, परत जायचं, दुसरी घ्यायची. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. घाई केली तर पडायची भीती, थांबलं तर परत चालू होणार नाही याची भीती. दुपार होईतो गुडघा भोपळ्याएवढा झाला. त्याने विजार वर करून पाहिलं आणि परत खाली घेतली. गुडघा आणखी चार-आठ दिवस टिकेल, बस. पुढचं दिसत होतं.

तेवढ्यात झिगी धापा टाकत आला. त्याच्यामागे मॅकगिल.

"ओरिन, चल! घर पेटलंय तुझं!"

"घर? मॅव्हिस..."

"ते नाही रे! लॅटिमरांचं! तुझ्या जागी त्या लूथरला पाठवलं ना? तो भिंतीमागे बसला. लेनोरबाई सवयीने गेल्या बादलीवर सिगारेट ओढायला. बघतात तर नवऱ्याच्या जागी भलताच माणूस, तंबाखू चघळतोय. बाई ओरडत बाहेर आल्या, 'माझा नवरा बदलला!' म्हणून."

"मग?"

"मग काय! पोरगा म्हणाला, बाबा येईपर्यंत मी काम करत नाही. आई म्हणाली, मीही नाही. पोरगी तर कथेत पळून गेलेली, आज तिला दुपारनंतर यायचं होतं, ती आपल्या घरून टॅक्सी करून आधीच आली! आणि तिघं जिन्यावर बसलीत. एका पायरीवर. हलत नाहीत."

"आज कुठला प्रसंग होता?"

"घराण्याची फाटाफूट!" झिगीने हात पसरले. "तिघं एकमेकांच्या नरड्याला लागतात, तो! सिनेमाभर ज्यांचं एका गोष्टीवर पटलं नाही ती एका रुमालात नाक पुसतायत. पेनरोझ डोकं धरून बसलाय. म्हणाला, आणा त्या मेलेल्याला."

मॅकगिल म्हणाला, "पेटी मी घेतो, ओरिन. तू चाल."

मागची वाट लाईटच्या तारांनी अडली होती. ओरिनला हवेलीच्या पुढच्या दारानेच आत यावं लागलं. त्या उंच, नक्षीदार दारातून घाम गाळत, लंगडत, खांद्यावर भुसा घेऊन तो दिवाणखान्यात आला. वर भिंतीवर कपाळाला भोक पडलेला कॉर्नेलियस. खाली हा.

जिन्यावरून लेनोर म्हणाली, "आलास? कुठे होतास?"

"सुतारखान्यात."

"सांगून जायची काही पद्धत?"

ड्रू उठून उभा राहायला लागला. त्याची नजर ओरिनच्या पायाकडे गेली आणि तो तिथेच थांबला. पोरीने रुमाल पुढे केला, तो कुणीच घेतला नाही. खुर्चीतून पेनरोझ थकलेल्या आवाजात म्हणाला, "टॅकेट, ही पेटी, ही भिंत, हे घर, सगळं तुझं. पेन्शनपर्यंत तुझं. फक्त यांना उठव."

ओरिनने जिन्याकडे पाहिलं. तिघं जण, सगळा भार एकाच पायरीच्या मधोमध.

"उठा," तो म्हणाला. "ती चालायची पायरी आहे. बसायची नाही."

तिघं मुकाट्याने उठली. लेनोरने झगा झटकला. ओरिन भिंतीमागे गेला. लूथरने त्याला जागा करून दिली आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेला. पेनरोझने सगळ्यांना जागा दिल्या, भांडण सुरू करा म्हणाला. सुरू झालं. पोरगी किंचाळायला गेली आणि आईकडे बघून तिला हसू फुटलं. ड्रूने ग्लास फोडायच्या ऐवजी टेबलावर नीट ठेवला. आई म्हणाली, "तू या घराचा शत्रू आहेस," आणि जाता जाता त्याची कॉलर सारखी केली.

शेवटी पेनरोझने तिघांना वेगवेगळं उभं केलं. एकाला भिंतीकडे तोंड करून, एकीला दाराकडे, एकीला काळ्या पडद्यासमोर, कुणाला कुणी दिसणार नाही असं. एकेकाकडून एकेक वाक्य घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते घराणं कसंबसं उद्ध्वस्त करून घेतलं.